पडद्यावरची पिवळी पट्टी

थोरले, त्या दिवशी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, एवढी माणसं होती, एकानंही कसं सांगितलं नाही?" आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. नंतर धाकट्यानं मला समजावलं की ताई चिडलेली नाही, दमली आहे. पण तू चिडलीच होतीस, आणि त्याचा मला राग नाही. त्या कामात तुझ्या किती संध्याकाळी गेल्या ते मी पाहिलं आहे. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे असेल, मला लिहूनच नीट सांगता येतं. धाकट्याला यातलं अर्धंमुर्धंच ठाऊक आहे, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

दुबलगुंडीच्या माझ्या भावाची नात तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तिनं तुम्हाला तुरीच्या शेंगा उकडून दिल्या होत्या आणि धाकट्यानं त्या सालीसकट चावल्या म्हणून पोट धरून हसली होती. तिला तिच्या मामाच्याच घरी, त्याच्या मोठ्या मुलाला दिली. आपल्याकडे अशा लग्नाला कुणी जवळच्या नात्यातलं लग्न म्हणून नाक मुरडत नाही, चांगलं स्थळ म्हणतात. सासू म्हणजे मामी, लहानपणी जिच्या मांडीवर झोपली तीच. मामाच्या मुलीला मामाच्याच दुसऱ्या बहिणीच्या घरी, कोहिनूर गावी दिलेलं. आणि कोहिनूरची मुलगी पुढं मामाच्या धाकट्या मुलाला करून आणली. तीन घरं अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तिचा पहिला मुलगा गोरापान होता, डोळे टपोरे. तिसरा महिना सरला तरी मान धरेना. मामी म्हणाली, काही पोरं उशिरा धरतात. मालिशचं तेल बदललं, मालिश करणारी बाई बदलली. मग त्याला दूध गिळता येईना, छाती कफानं भरू लागली, आणि इथं कलबुर्गीच्या एका दवाखान्यात त्याला नळीनं दूध देणं सुरू झालं. डबा माझ्या घरून जायचा. त्याचा पहिला वाढदिवस काही झाला नाही. तो जायच्या आधी डॉक्टरांनी त्याचं रक्त हैदराबादला तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा पाळणा सोडून माळ्यावर टाकलेला होता.

रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तो माझ्याकडे आला. भाऊ स्वतःच घेऊन आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "अक्का, जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलीस. आता हे वाच आन् सांग काय म्हणायलंय ते."

मी वाचलं. शब्द बहुतेक कळत होते, वाक्य कळत नव्हतं. परीक्षेत माझ्या विद्यार्थिनींचं असं व्हायचं आणि मी त्यांना रागवायची. डोळ्यांना ताण देऊन एवढं समजलं, की शरीर कसं घडवायचं याचा जो मजकूर आपल्या प्रत्येकाच्या पेशीत असतो, त्यात बाळाच्या बाबतीत एका जागी एका अक्षराऐवजी दुसरंच अक्षर होतं. आईकडून आलेल्या प्रतीतही तेच, बापाकडून आलेल्या प्रतीतही तेच. आणि त्याखाली लिहिलं होतं, या बदलाचा अर्थ अनिश्चित.

"म्हंजी त्यानंच झालं का न्हाई?"

"ते सांगता येत नाही म्हणतात."

"मंग एवढं रक्त कामून काढलं लेकराचं?" भाऊ म्हणाला. त्यानं पाणीही घेतलं नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिला आणि बसची वेळ झाली तसा उठून गेला.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. यावेळी कुणी वाट पाहिली नाही. हैदराबादहून महिन्यातून एकदा इथं येणाऱ्या, अशाच आजारांचा अभ्यास केलेल्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे मीच सगळ्यांना घेऊन गेले. ती, तिचा नवरा, मामी आणि माझा भाऊ. डॉक्टरीणबाई कन्नड आणि इंग्रजी बोलणाऱ्या, आपली माणसं मराठी. मामीला कन्नड चांगलं येतं, तरी दवाखान्यात गेलं की तिची जीभ आत जाते, म्हणून मधे मी.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि घरातल्या पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल काढत गेल्या. मामा, मामाच्या बहिणी, कोणाला कोणाकडे दिलं. दोन भावंडांच्या मुलांचं लग्न असलं की त्या दुहेरी रेघ मारायच्या. रेघा वाढत चालल्या तसा भाऊ मला हळूच म्हणाला, "अक्का, ह्या आपलं घर काढायल्यात का सुतळीचा गुंडा?" आमची पोरगी हसली. तिचा हात पोटावरच होता.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की पहिल्या बाळासारखं मान न धरणारं, अंगात बळ नसलेलं आणखी कुणाचं लेकरू या तीन घरांत आहे का, होतं का? मी मराठीत विचारलं. मामीनं सुनेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई, न्हाई. देवाच्या दयेनं सगळं चांगलं हाय."

"तुमच्या मुलीला, कोहिनूरला?"

"एक पोरगा हाय. बरा हाय."

नवरा मोबाइलकडे बघत होता, पोरगी बांगड्यांकडे. भावाला कोहिनूरचं फारसं ठाऊक नव्हतं, मला तर काहीच नाही, मी त्या घरी कधी गेलेच नव्हते. मी इंग्रजीत सांगितलं, कुणी नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बाळाचा चौकोन तेवढा पेननं काळा केला. बाकीचे सगळे पांढरे राहिले.

चौथ्या महिन्यात तिच्या पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी काढून तपासलं. या बाळातही तोच बदल होता, दोन्ही प्रतींत. आता प्रश्न एकच उरला होता: हा बदल म्हणजेच तो आजार, की नुसताच एक बदल, कुणाचे डोळे घारे असावेत तसा? आजार असेल तर कायद्यानं गर्भ काढता येण्याची मुदत संपायच्या आत ठरवायला हवं होतं.

इथून पुढचं तुला माहीत आहे, थोरले, तरी धाकट्यासाठी लिहिते. तू मला प्रयोगशाळेकडून मूळ फाइल मागवायला लावलीस. मग माझ्या सकाळी, अंघोळ आणि चहा झाल्यावर, मी लॅपटॉप उघडून बसायची, आणि तिकडे परदेशात तुझी संध्याकाळ असताना तू मला एकेक साइट दाखवायचीस. जागेचा आकडा आणि बदललेलं अक्षर टाकलं की साइट आपलं मत सांगते. एक साइट बघायची की उंदीर, कोंबडी, मासा यांच्यातही त्या जागी मूळचंच अक्षर आहे का. होतं. इतक्या जीवांनी जे अक्षर जपलं ते बदलणं धोक्याचं, असं त्या साइटचं म्हणणं. दुसरीचा हिशेब वेगळा, तिला तो बदल बहुधा निरुपद्रवी वाटला. तिसरीत जगभरच्या माणसांची नोंद होती. त्यांच्यात हा बदल कुणालाच नव्हता. मला वाटलं, म्हणजे वाईटच असणार. तू म्हणालीस, "आजी, यात आपल्याकडची माणसंच किती आहेत कुणास ठाऊक." खरंच, आपल्यासाठी तिथं एकच खण होता, दक्षिण आशिया. सिंध ते सिलोन सगळे त्यात. आपल्या हुमनाबाद तालुक्यातल्या माणसानं त्यासाठी तपासायला थुंकी दिली असेल असं मला वाटत नाही. जो बदल तीन घरांतून बाहेर पडलाच नसेल, तो जगाला कुठून दिसणार?

आणि चौथी साइट, जिथं जगातल्या प्रयोगशाळा आपापला निर्णय नोंदवतात. आपल्या बदलाची तिथं एकच नोंद होती, हैदराबादची, आणि तिच्यावर पिवळी पट्टी, म्हणजे अर्थ अनिश्चित.

हे सगळे पुरावे एकत्र करून निकाल काढणारंही एक पान होतं. बारीक बारीक चौकोन, लागू असेल तिथं टिक करायची, खाली पट्टीचा रंग बदलतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्याही याच साइट बघतात, आणि यंत्र फक्त बेरीज करतं, आकडे माणसांनी द्यायचे असतात. तू मला एका चौकोनावर बाण नेऊन दाखवलास. "हा बघ. घरात दुसरं आजारी लेकरू असेल आणि त्याच्यातही हाच बदल निघाला, तर ही टिक. आणि मग बघ काय होतं." तू टिक केलीस. पट्टी पिवळीची लाल झाली. बहुधा रोगकारक. मग तू टिक काढून टाकलीस आणि म्हणालीस, "खोटं भरून काय उपयोग." पट्टी पुन्हा पिवळी झाली.

मुदत संपत आली तेव्हा आमची पोरगी माझ्याकडेच राहायला होती. स्वयंपाकघरात ताटात डाळ निवडत बसली होती. तोंड वर न करता तिनं विचारलं, "आज्जी, मशीन काय म्हणायलंय?"

"पिवळं."

"पिवळं म्हंजी?"

"म्हणजे आजार असेलही, नसेलही."

"एवढं तर आमची मामीबी सांगती. त्याला मशीन कशाला लागतंय?" ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "लाल असतं तर मी काढून टाकलं असतं, आज्जी. पहिल्याचं बघितलंय मी. पण हे आता हलायलंय आत. पिवळ्यासाठी जीव घेऊ का मी त्याचा?"

मी ताट तिच्यासमोरून ओढून घेतलं आणि उरलेली डाळ निवडू लागले.

मुलगी झाली. आपल्यासारखं नाक, डोक्यावर दाट जावळ. रडणं मात्र हळू, मांजराच्या पिल्लासारखं. बारसं मामाच्या घरी झालं. मी इथून कुंची शिवून नेली होती. सकाळपासून बायकांची ये-जा चालली होती, घुगऱ्यांचं पातेलं चुलीवर होतं, आणि त्यातच कोहिनूरची मंडळी आली. मामीची मुलगी रिक्षातून उतरली. तिच्या कडेवर एक मुलगा होता. शाळेत जायच्या वयाचा. पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते आणि डोकं तिच्या खांद्यावर टाकलेलं, वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखं. ती दार ओलांडायला वाकली तेव्हा तिनं हातानं त्याचं डोकं आधी सावरलं. तो मला बघून हसला. हसणं अगदी स्वच्छ होतं.

मी मामीला मागच्या अंगणात बोलावलं. "याला काय झालंय?"

"ताप आला होता बाई, तान्हा असताना. डोक्यात गेला. तवापास्नं असंच."

"अगं, डॉक्टरीणबाईंनी तुला समोर बसवून विचारलं होतं. तू बरा आहे म्हणालीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. "बाई, पोटुशी पोर मांडीला मांडी लावून बसल्याली. पहिलं मातीत ठिवून आल्याली. तिच्यापुढं असल्या लेकराचं नाव काढू व्हय मी? तुम्ही काढलं असतं का?"

थोरले, हेच तुझं उत्तर आहे. तुला वाटलं, सगळे खोटं बोलले. पण त्या खोलीत कुणी खोटं बोलत नव्हतं. पोटुशी बाईनं असं लेकरू बघू नये, तिच्यापुढं त्याचा विषय निघू नये, हे आपल्या बायका सांगावं लागत नाही इतकं पाळतात. आमच्या पोरीला दिवस राहिल्यावर कोहिनूरची नणंद माहेरी यायची थांबली होती, स्वतःहून. नवऱ्याला ठाऊक होतं. आमच्या पोरीलाही ठाऊक होतं, तिनं त्या मुलाला लग्नाआधी अंगाखांद्यावर घेतलेलं. पण सगळ्यांनी ते तापावर घातलेलं, आणि तापाचं लेकरू वेगळं, आपलं गेलेलं वेगळं. शिवाय ते मनात आणणंसुद्धा पोटातल्याला बाधेल म्हणून तिनं ते मनातून काढून टाकलं होतं. "बरा हाय" हे मामी माहिती म्हणून बोलली नाही. कानावर चांगलं पडावं म्हणून बोलली. तुझ्या त्या चौकोनात हो किंवा नाही एवढंच लिहिता येतं. पोटुशीपुढं नको, हे लिहायला जागा नाही. आणि डॉक्टरीणबाईंना तरी काय कळणार, की आधी पोरीला बाहेर पाठवायचं आणि मग विचारायचं? मला ठाऊक असतं तर मी तरी त्या लेकराचं नाव काढलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

कोहिनूरच्या मुलाचं रक्त दिलं. त्याच्यातही तोच बदल निघाला, दोन्ही प्रतींत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच बदलानं कुणी लवकर जातं, कुणी असं रेंगाळतं, ते का हे अजून नीट कळलेलं नाही. त्यांनी हैदराबादला कळवलं, हैदराबादनं नव्यानं तपासलं. दर सोमवारी सकाळी मी ती चौथी साइट उघडून बघायची. पट्टी पिवळीच असायची. तोवर आमच्या छकुलीला तिसरा महिना लागला. तिला पालथं घातलं की ती चादरीवर गाल टेकून पडून राहायची. तिची आई तिच्यासमोर खुळखुळा वाजवायची, वरून, मग आणखी वरून. छकुली डोळे वर करायची, डोकं तिथंच. मामी आता उशिराच्या पोरांबद्दल काही बोलली नाही.

मग एका सोमवारी पट्टी लाल झालेली दिसली. मी तुला कळवलं, तू मला विचारलंस, की दुसरं लेकरू कुठून मिळालं, आणि मी सांगितल्यावर तू फोन ठेवलास. आमच्या पोरीला मी फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेले. ती पळीनं दूध पाजत होती, थेंब थेंब, मधे थांबून घसा हलतो का बघत. मी सांगितलं. तिनं पळी वाटीत ठेवली.

"हे तवा लाल झालं असतं का, आज्जी? कोहिनूरचं सांगितलं असतं तर?"

"झालं असतं."

तिनं छकुलीच्या ओठांच्या कडेचं दूध पदरानं टिपलं आणि पुन्हा पळी उचलली.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या जावेला दिवस गेल्याचं कळलं. कोहिनूरहून करून आणलेली ती मुलगी. म्हणजे तीच तीन घरं. तिला डॉक्टरीणबाईंकडे दाखवायचं ठरलं आणि सगळे सकाळच्या बसनं माझ्याकडे आले. आमची पोरगीही आली, छकुलीला घेऊन. दवाखान्याच्या दारात मामीनं तिला अडवलं. "तू बाहेर बस तिला घेऊन. हिच्यापुढं नगं."

"हिच्यापुढंच," ती म्हणाली.

"अगं, पोटुशी हाय ती!"

"म्हणूनच आलोय नव्हं आपण? मी बी पोटुशीच होते, मामी."

मामी मागं सरली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तोच जुना कागद पुढं ओढला. आमच्या पोरीनं मला मधे बोलू दिलं नाही, तिला जेवढं कन्नड येत होतं तेवढ्यात तीच बोलली. पहिला मुलगा. कोहिनूरचा मुलगा. ही. डॉक्टरीणबाईंनी कोहिनूरचा चौकोन काळा केला आणि मग छकुलीचा गोल काढून तोही. जाऊ खाली बघत होती. मग आमच्या पोरीनं छकुलीला उचललं आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. "धर," ती म्हणाली. "बघून घे. मला कुणी बघू दिलं न्हाई."

जाऊ घाबरली, तिनं मामीकडे पाहिलं, पण हात पुढं केले. छकुलीचं डोकं तिच्या कोपरावरून घसरू लागलं तसा तिनं पटकन तळवा खाली धरला. आणि मग रक्त काढायला नर्स येईपर्यंत तो तिथंच धरून ठेवला.

जावेचा रिपोर्ट अजून यायचा आहे. पोटातल्याचं मग तपासतील. यावेळी निदान प्रश्नाला उत्तर असेल, हो असो की नाही. छकुलीला काल पुन्हा कफ झाला म्हणून दवाखान्यात ठेवलंय, नळी लावली आहे. डबा घेऊन मी आता निघते.